जायकवाडी पक्षी अभयारण्यात पक्षी सप्ताहासाठी स्वयंसेवक व्हायचे असल्यास : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

ज्येष्ठ अरण्यअभ्यासक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधील आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून शासकीय स्तरावर पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. पाऊस संपून नाथसागर, म्हणजे पैठणजवळचा जायकवाडी धरणाचा जलाशय, भरलेला असतो, उत्तरेकडून चक्रवाक आणि इतर बदके उतरू लागलेली असतात, आणि मुलाबाळांसह काठावर येणाऱ्या कुटुंबांसाठी निरीक्षण फेरी, चित्रकला आणि पक्षी-ओळख असे कार्यक्रम आखता येतात. अशा कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून काम करू इच्छिणाऱ्यांनी अर्ज कसा करावा, याची ही माहिती आहे.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्वयंसेवक म्हणून नाव नोंदले म्हणजे अभयारण्यात शिरण्याची परवानगी मिळाली, असे होत नाही. जायकवाडी १९८६ पासून अभयारण्य आहे, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार तेथील प्रवेशावर निर्बंध आहेत. कलम २८ मध्ये प्रवेश परवान्याची कारणे दिली आहेत. त्यांत वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन आणि पर्यटन यांचा उल्लेख आहे, स्वयंसेवेचा स्वतंत्र उल्लेख नाही. म्हणून कार्यक्रम वनविभागाचा असो वा एखाद्या संस्थेचा, आपले नाव, काम, जागा आणि तारखा असलेले लेखी पत्र वनविभागाकडून निघाले आहे ना, हे आधी पाहावे. तोंडी होकारावर भरवसा ठेवून पैठणपर्यंत जाणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

पात्रतेच्या अटी आयोजक ठरवतात. स्वतंत्र जबाबदारीसाठी साधारणपणे वयाची १८ वर्षे पूर्ण असणे अपेक्षित असते, आणि त्यापेक्षा लहान मुलांना पालकांसोबत व पालकांच्या लेखी संमतीनेच काम देणे योग्य ठरते. पक्ष्यांची ओळख नसली तरी अडत नाही, कारण नोंदणीच्या टेबलावर बसणे, वाहनतळ सांभाळणे, पिण्याच्या पाण्याकडे लक्ष देणे आणि चुकलेले मूल पालकांकडे पोहोचवणे ही कामे निरीक्षणाइतकीच महत्त्वाची आहेत. पाणी भरलेले असताना काठचा गाळ निसरडा असतो. त्यामुळे मुलांच्या गटाबरोबर पाण्याच्या बाजूने चालणारा एक स्वयंसेवक नेहमीच लागतो.

अर्जाचा नमुना कार्यालयागणिक वेगळा असतो. काही आयोजक गुगल फॉर्म देतात, काही ठिकाणी साध्या कागदावरचा अर्ज चालतो. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकारी (वन्यजीव) यांच्या नावे करावा आणि त्यात नाव, पत्ता, वय, भ्रमणध्वनी, उपलब्ध तारखा व वेळ, पूर्वीचा अनुभव आणि येणाऱ्या भाषा लिहाव्यात. भाषेचा रकाना मराठवाड्यात विशेष उपयोगाचा आहे, कारण येणाऱ्या कुटुंबांत मराठीबरोबरच उर्दू आणि बंजारा बोलणारी कुटुंबेही असतात. मजकूर असा ठेवता येईल : “विषय : पक्षी सप्ताहानिमित्त स्वयंसेवक म्हणून काम करण्याची परवानगी मिळणेबाबत. महोदय, मी दि. ७ व ८ नोव्हेंबर रोजी सकाळी ६ ते ११ या वेळेत उपलब्ध असून मला मराठी व उर्दू बोलता येते. नोंदणी किंवा लहान मुलांच्या गटासोबतचे काम द्यावे, ही विनंती.” एवढे पुरे. निसर्गप्रेमावर दोन पाने लिहिल्याने अर्ज लवकर मंजूर होत नाही.

कागदपत्रांत ओळखपत्राची प्रत, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराची दोन छायाचित्रे आणि विद्यार्थी असल्यास महाविद्यालयाचे ओळखपत्र जवळ ठेवावे. आधारची प्रत देताना शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार द्यावे. राज्य शासनाने २०१५ मध्ये स्वयंघोषणापत्र व स्वयंसाक्षांकित प्रती मान्य केल्या आहेत, त्यामुळे अशा साध्या कामासाठी प्रतिज्ञापत्राचा खर्च सहसा करावा लागत नाही. लहान मुलांसोबत काम असल्यास आयोजक पोलिसांकडील चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागू शकतात. ते मिळायला वेळ लागतो, म्हणून आधीच विचारून घ्यावे. दमा, मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी असे काही असेल तर लपवू नये. आपत्कालीन संपर्काच्या रकान्यात घरच्या माणसाचा क्रमांक द्यावा. माझा पहिला अर्ज एका कार्यालयातून परत आला होता, कारण मी तेथे स्वतःचाच क्रमांक लिहिला होता.

अर्ज प्रत्यक्ष देताना दोन प्रती न्याव्यात. आवक टेबलावर एक प्रत जमा करून दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा, म्हणजे पुढे चौकशी करताना “अर्ज आलाच नाही” हे उत्तर ऐकावे लागत नाही. वेळेचे गणित दिवाळीकडे पाहून करावे. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते आणि २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. अशा वर्षी सप्ताहाच्या आसपास कार्यालये बंद आणि निम्मे स्वयंसेवक गावी, अशी स्थिती होते. अर्ज सप्टेंबरअखेर किंवा फार तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात द्यावा.

निवड झाल्यावर माहितीसत्र चुकवू नये. अभयारण्यातून पीस किंवा अंडे तर सोडाच, वाळकी काडीही उचलून आणायची नाही, आग पेटवायची नाही, हे तेथे समजावून सांगितले जाते आणि मुलांना ते आपल्यालाच सांगावे लागते. कपडे खाकी, मातकट किंवा हिरवे असावेत. जखमी पक्षी किंवा शिकारीचा प्रकार आढळल्यास उपस्थित वनरक्षकाला कळवावे. तो जवळ नसेल तर वनविभागाचा १९२६ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना वर्षाला १२० तासांचे नियमित काम करायचे असते. हे तास त्यात धरले जावेत असे वाटत असेल, तर आपल्या कार्यक्रम अधिकाऱ्यांची लेखी संमती कार्यक्रमापूर्वीच घ्यावी, आणि शेवटच्या दिवशी मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर तारखा व तास दोन्ही नोंदवून घ्यावेत, कारण नुसते “सहभागी झाले” असे लिहिलेल्या प्रमाणपत्रावरून तासांची नोंद करता येत नाही.