पीटभूमीचे पुनरुज्जीवन

पाणथळ पीटभूमीवर लावलेले सूचिपर्णी वृक्ष तोडून आणि निचऱ्याचे चर बुजवून मूळची दलदल परत आणण्याची पद्धत. भिंतीभिंतींवर ‘झाडे लावा, झाडे जगवा’ वाचत वाढलेल्या, २०१९ मध्ये आरेतली वृक्षतोड पाहिलेल्या मुंबईकराला हा प्रकार उफराटा वाटेल. पण इथे झाडेच उपरी आहेत.

पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, बहुतांशी स्फॅग्नम शेवाळाचा थर. पाण्याखाली प्राणवायू पोचत नाही, त्यामुळे कुजणे रखडते. ओहोटीच्या वेळी लोकल ठाणे खाडीवरून जाताना नाकात शिरणारा सडक्या अंड्यांचा वास अशाच प्राणवायूविना चाललेल्या कुजण्याचा असतो (सांडपाण्याचा हातभार धरूनही). पीटचा थर वर्षाला जेमतेम १ मिमी चढतो. जगातल्या जमिनीच्या सुमारे ३ टक्केच भागावर पीट आहे, तरी त्यातला कार्बन साऱ्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त भरतो.

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाचा फ्लो कंट्री हा याचा ठळक दाखला. १९८० च्या दशकात करसवलतीपायी धनिक गुंतवणूकदारांनी तिथे खोल नांगरट करून सिटका स्प्रूस आणि लॉजपोल पाइन लावले. चरांनी पाणी वाहून नेले, उरलेले झाडांनी ओढले. थर वाळून भेगाळला आणि हजारो वर्षे साठलेला कार्बन हवेत जाऊ लागला. डनलिनसारखे उघड्यावर घरटी करणारे पक्षी रानाच्या कडेपासून दूर सरकले. (याच जातीचे पक्षी हिवाळ्यात मुंबईच्या खाड्यांतही दिसतात.) १९८८ च्या ब्रिटिश अर्थसंकल्पाने सवलत काढून घेतली. १९९५ मध्ये आरएसपीबी या पक्षिसंरक्षण संस्थेने फोर्सिनार्ड येथे जमीन विकत घेतली. २०२४ मध्ये फ्लो कंट्री जागतिक वारसास्थळ झाला.

झाडांची तोड हे पुनरुज्जीवनातले सोपे काम. चर तसेच राहिले तर पाणी वाहतच राहते. म्हणून पीटचेच बांध घालून ते अडवतात, बुंधे उपटून उलटे दाबतात, उंचसखल जमीन सपाट करतात. वाऱ्यावर आलेल्या बियांची रोपे पुढेही उपटत राहावी लागतात. मुंबईच्या खाजणांत झाड मूळचेच, पण क्रम हाच: भराव काढून भरतीला वाट दिली की तिवर बहुधा आपणहून रुजते, नुसती रोपे खोचून भागत नाही.

दलदल लगेच कार्बन शोषू लागत नाही, सुरुवातीला मिथेनही वाढतो. फ्लो कंट्रीतल्या मोजणीत काम होऊन १० वर्षे झालेली एक जागा अजून कार्बन सोडतच होती. १६ वर्षे झालेली दुसरी तो शोषू लागली होती.