हार्ड डिस्क ड्राइव्ह: टिकाऊपणा, वीजबचत आणि कोकणची हवा

हार्ड डिस्क ड्राइव्ह म्हणजे फिरत्या चकत्यांवर चुंबकीय खुणा करून डेटा साठवणारं यंत्र. पहिली आयबीएमने 1956 मध्ये आणली, तिच्यात 24 इंची 50 चकत्या होत्या आणि सगळ्या मिळून जेमतेम चार एमबीच्या आसपास डेटा मावायचा. आता लॅपटॉपात एसएसडी (चकत्या नसलेल्या, चिपवर डेटा साठवणाऱ्या ड्राइव्ह) आल्या, तरी रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत दुकानं-लॉजच्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यात) आणि फोटो स्टुडिओत लग्नाच्या शूटिंगच्या बॅकअपला अजून हीच डिस्क चालते, कारण टीबीमागे (म्हणजे हजार जीबीमागे) खर्च कमी पडतो.

टिकाऊपणा आणि वीजबचत या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, पण डिस्कच्या बाबतीत दोन्हीचं मूळ एकच, घर्षण कमी करणं. साडेतीन इंची ड्राइव्हची चकती 7200 आरपीएमने (मिनिटाला 7200 फेऱ्या) फिरते तेव्हा तिच्या कडेचा वेग ताशी जवळपास 130 किलोमीटर असतो आणि डेटा वाचणारं-लिहिणारं हेड तिच्यापासून फक्त काही नॅनोमीटरवर तरंगतं, आपला केस त्याच्या हजारो पट जाड. म्हणून चकतीवर कडक कार्बनचा थर आणि त्यावर वंगणाचा अगदी पातळ लेप असतो, आणि आत हवा गाळणारा छोटा फिल्टर असतो जो उडणारे कण पकडतो. मोटरला पूर्वी छर्‍यांचं बेअरिंग असायचं, आता तेलाच्या पातळ थरावर फिरणारं फ्लुइड बेअरिंग असतं, त्याने आवाज, थरथर आणि झीज सगळंच कमी झालं.

वीज खाण्यात हवेचा वाटा मोठा. 5400 वरून 7200 आरपीएमवर गेलं की वेग एक तृतीयांशानेच वाढतो पण हवा कापायला लागणारी वीज दुपटीहून जास्त होते, म्हणून सीसीटीव्हीसाठी बनवलेल्या बर्‍याच डिस्क मुद्दाम कमी वेगाच्या असतात, चोवीस तास लिहायचं असतं आणि डीव्हीआरच्या बंद डब्यात उष्णता कोंडते. पुढचा उपाय म्हणजे हवाच काढून टाकणं: 2013 मध्ये एचजीएसटी या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने हेलियम भरलेली सीलबंद 6 टीबीची डिस्क आणली. हेलियमची घनता हवेच्या साधारण एक सप्तमांश, त्यामुळे चकत्या कमी फडफडतात, एकाच उंचीत सात बसतात आणि वीजही कमी लागते.

हेड पार्क करणं हा दुसरा उपाय. काम नसलं की हेड चकतीवरून उचलून कडेच्या उतरंडीवर, म्हणजे रॅम्पवर ठेवतात. पण बचतीचा अतिरेक केला की तोच मुळावर येतो, काही जुन्या कमी विजेच्या मॉडेलमध्ये हेड आठ सेकंदात पार्क व्हायचं आणि रॅम्पवर चढ-उतार करायची हमी साधारण तीन ते सहा लाख वेळांचीच असते, मिनिटाला एकदा धरलं तरी तीन लाख सात महिन्यांत संपतात.

आपल्याकडे पावसात लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको. अशा वेळी डिस्क काय करते ते बघण्यासारखं आहे: वीज तुटली तरी चकती काही क्षण फिरतच असते, तेव्हा मोटर उलट जनरेटरसारखी वागते आणि त्या तेवढ्या विजेवर हेड रॅम्पवर नेऊन ठेवलं जातं. हेड वाचतं, पण कॅशमध्ये, म्हणजे डिस्कच्या तात्पुरत्या मेमरीत असलेला आणि अजून न लिहिलेला डेटा जातो, म्हणून यूपीएस लागतोच. शिवाय चालू होताना साडेतीन इंची डिस्क वीसेक वॅट ओढते आणि निवांत असताना पाचेक, त्यामुळे लाईट ये-जा करत असेल तर तिला बंद-चालूचा त्रास सगळ्यात जास्त.

खारी दमट हवा हा किनार्‍यावरचा खरा शत्रू. साध्या डिस्कला हवेचा दाब सारखा राहावा म्हणून बारीक भोक असतं, त्याच्या मागे फिल्टर असतो, धूळ अडते पण दमटपणा हळूहळू आत जातोच. हेलियमच्या डिस्कला हे भोक नसतं. मात्र सर्किट बोर्ड दोन्हीत बाहेरच असतो, आणि जुन्या डिस्कचा बोर्ड काढला की हेडकडे जाणार्‍या कॉन्टॅक्टच्या ठिपक्यांवर काळपट थर दिसतो. रिपेअरवाले तो साध्या खोडरबराने पुसतात आणि बर्‍याचदा डिस्क पुन्हा ओळखली जाते. एसीतल्या खोलीतून डिस्क बाहेर दमट हवेत आणली तर पाणी सुटतं, ती बाहेरच्या तापमानाला आल्याशिवाय चालू करू नये.

एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) 10 लाख तास असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ तुमची डिस्क 114 वर्षं चालेल असा नाही, तर अशा खूप डिस्क चालवल्या तर वर्षाला शंभरात एखादी जाईल असा. त्यापेक्षा स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीचे, आकडे बघावेत, रीअ‍ॅलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर (खराब म्हणून बदललेले किंवा संशयित कप्पे) वाढायला लागले की बॅकअप त्याच दिवशी.

आणि पुराचं पाणी. चिपळूणला 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तशा पाण्यात बुडालेली डिस्क एकदा तरी लावून बघू असा मोह होतो, तो टाळावा. भोकातून गाळ आत गेलेला असतो, चकती फिरली की हेड त्यावर घासतं आणि वाचू शकला असता तो डेटाही जातो. हेअर ड्रायरने वाळवूही नये, गाळ वाळून चिकटतो, ओलसर तशीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीच्या क्लीन रूम (धूळविरहित खोली) असलेल्या लॅबला पाठवावी.