शंभर मण्यांची माळ: घेण्याआधी आणि घेतल्यावर

(पहिली ते चौथीच्या मुलांचे पालक आणि बाई-सर यांच्यासाठी. दरपत्रक वेगळं जोडलं आहे.)

गणित शिकायची ही माळ घरी गेली की पहिले दोन-तीन दिवस मूल ती गळ्यात घालून फिरतं. फिरू द्या, काही बिघडत नाही. त्यानंतर ती खिळ्याला टांगली जाते, आणि बऱ्याच घरांत तिथंच राहते. मग पालक दुकानात येऊन विचारतात, "माळ घेतली, तरी ह्याचं गणित कच्चंच की ओ?" टांगलेल्या माळेनं गणित येत नाही. ती रोज पाच-दहा मिनिटं हातात कशी घ्यायची, हे सांगायला हे पत्रक काढलं आहे. पूर्ण वाचा, आणि गरज वाटली तरच माळ घ्या.

पेटीत काय आहे

शंभर लाकडी मणी ओवलेली एक माळ, कपड्यांना लावतात तसे लहान चिमटे, दोन तारांची वीस मण्यांची चौकट, ठिपक्यांचे पत्ते आणि काड्यांचा गठ्ठा. मणी आंबोली घाटावरून सावंतवाडीकडून येतात, ओवायचं काम इथं बेळगावात होतं. माळेत दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल असे मणी आहेत. चौकटीत प्रत्येक तारेवर पाच लाल आणि पाच पांढरे.

हा रंगांचा फरक शोभेसाठी नाही. समोर तीन किंवा चार वस्तू असल्या की त्या न मोजता कळतात. त्यापुढं माणूस एकेक मोजतो, नाहीतर गट पाडतो. चौकाबारा खेळणारी मुलं बघा. चार कवड्या टाकल्या की उताण्या किती ते कुणी बोट लावून मोजत नाही, पडताक्षणी "तीन!" म्हणून ओरडतात. चौकटीवर पाच मण्यांनंतर रंग बदलतो, म्हणून "पाच आणि दोन, सात" असं एका नजरेत दिसतं. माळेवर दहानंतर बदलतो, म्हणून सत्तावीस दाखवायला सत्तावीस मणी मोजावे लागत नाहीत. एक लाल गट, एक पांढरा गट, पुढचे सात. जे मूल माळेवर अजून एकपासून मोजतं, त्याला हे गट दिसायला लागेपर्यंत घाई करू नका. कुणाला आठवडा लागतो, कुणाला सबंध सहामाही.

मणी साधारण १ सेंटिमीटर जाडीचा धरला आहे. म्हणजे सगळे मणी एकमेकांना खेटवले की माळ १ मीटरच्या आसपास भरते. लाकूड आहे, त्यामुळं थोडं मागं-पुढं होणार, आणि आपल्याकडच्या पावसात थोडं जास्तच. तिसरी-चौथीला मोजमाप शिकवताना हे उपयोगी पडतं.

सत्तावीस सांगितलं, बहात्तर लिहिलं

आमच्याकडं सर्वांत जास्त येणारी तक्रार हीच. मराठीत सत्तावीस म्हणताना सात आधी येतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी. मूल जसं ऐकतं तसं लिहितं, म्हणून ७२ होतं. हा आळस नाही, आणि दहा वेळा लिहायला लावून तो जातही नाही.

त्याहून अवघड एकोणचाळीस. कानावर चाळीस पडतं, म्हणून मूल ४९ लिहितं. एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, सगळीकडं हीच अडचण. आणि ह्या नियमाची सवय होते न होते तोच नव्व्याण्णव येतं आणि नियम मोडून जातो.

सीमाभागातल्या मुलांची ह्यात एक सोय आहे, तिच्याकडं फारसं कुणी बघत नाही. कन्नडच्या तासाला हेच मूल इप्पत्तेळु म्हणतं, म्हणजे वीस आधी, सात नंतर. मूवत्तोंबत्तु म्हणजे तीस आणि नऊ, एकोणची भानगडच नाही. तेव्हा खानापूर, निपाणी, येळ्ळूर, उचगावच्या मुलाला दोन्ही तऱ्हा आधीच ऐकून माहीत असतात. त्यांची सांगड मात्र कुणी घालून दिलेली नसते. मणी सरकवताना आधी "वीस आणि सात" म्हणायला लावा, मग "सत्तावीस". कन्नड चांगलं येत असेल तर तेही म्हणू द्या. तिन्ही वेळा चिमटा त्याच जागी राहतो, हे मुलाला दिसलं पाहिजे. एकोणचाळीससाठी चिमटा आधी चाळीसवर लावा आणि एक मणी मागं या. आठ-दहा वेळा मागं आलेलं मूल ४९ लिहिताना आपणच अडखळतं.

महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा बराच गदारोळ झाला होता. आपल्या मराठी शाळांना पुस्तकं कर्नाटकाची, त्यामुळं तो वाद इकडं वर्गापर्यंत पोचला नाही. आम्हाला विचाराल तर दोन्ही म्हणा. बाजारात, घरात, आज्जीशी बोलताना सत्तावीसच लागणार. पण मणी हलताना वीस आणि सात म्हटल्यानं काही अडत नाही.

"कसं बघितलास?"

ठिपक्यांचे पत्ते ह्या एका प्रश्नासाठी आहेत. पत्ता दोन सेकंद दाखवायचा, लपवायचा आणि किती ठिपके होते ते विचारायचं. उत्तर आलं की लगेच "बरोबर" म्हणू नका. कसं बघितलं ते विचारा.

दहा घरांच्या चौकटीत सात ठिपके असलेला पत्ता घ्या. वर्गातून निरनिराळी उत्तरं येतात. एक मुलगी म्हणते, वरची ओळ भरलीय, पाच, खाली दोन. मागच्या बाकावरून आवाज येतो, "मी दहातनं तीन कमी केलो." तिसरा म्हणतो, तीन, तीन आणि एक. बाईंनी तिन्ही फळ्यावर लिहायचं: ५ + २, १० − ३, ३ + ३ + १. खाली ७. एवढंच. कोणती रीत चांगली ते सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी आठचा पत्ता आला की आदल्या दिवशी पाच-दोन म्हणणारी मुलगी "दहात दोन कमी" म्हणून बघते, कारण तिनं ते कुणाकडून तरी ऐकलेलं असतं.

एक गोष्ट मात्र पाळा. कसं केलंस हा प्रश्न उत्तर बरोबर असतानाही विचारा. चुकल्यावरच विचारला तर मुलं फार लवकर ओळखतात. बाई 'कसं' म्हणाल्या की आपलं चुकलं, असा अर्थ होतो आणि मूल विचार न करता उत्तर बदलून टाकतं. बारा म्हटलेलं तेरा करतं, मग अकरा. तो अंदाज नसतो, बाईंच्या चेहऱ्याकडं बघून केलेली धडपड असते.

मोजताना बोटं वापरली तर हात खाली करायला लावू नका. पाचाचा गट प्रत्येक मुलाला जन्मतः मिळालेला आहे. गट दिसायला लागले की बोटं मागं पडतात. दरडावून थांबवलं तर ती बाकाखाली चालू राहतात, एवढाच फरक.

"एका मिनिटात वीस गणितं" असे पत्ते आमच्याकडं मागितले जातात. ते आम्ही करत नाही. घड्याळ लावलं की ज्यांना येतं त्यांना मजा वाटते, आणि ज्यांच्यासाठी ही पेटी आहे ती मुलं पेन्सिल चावत बसतात.

हातच्याची वजाबाकी

५२ − ३८ हे गणित दुसरी-तिसरीत कुठल्याही वर्गात घाला. निम्म्या वर्गाचं नाही म्हणत, पण चार-पाच वह्यांत तरी २६ सापडेल. आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. मुलानं नियम पाळलाय: मोठ्यातून लहान वजा करायचं. त्याच्या डोळ्यांपुढं बावन्न नाहीच, पाच आणि दोन असे दोन सुटे अंक आहेत.

इथं लाल फुली मारण्याऐवजी माळ काढा. अडतीसवर एक चिमटा, बावन्नवर दुसरा. मधले मणी किती? एकेक मोजू नका. अडतीसपासून दोन मणी गेले की चाळीस, रंग बदलतो. आणखी दहा, पन्नास. आणखी दोन, बावन्न. दोन, दहा, दोन: चौदा. मग मुलाला म्हणा, आता तुझं सव्वीस करून बघ. अडतीसपासून सव्वीस मणी पुढं गेलं की चिमटा चौसष्टवर जातो. तो बावन्नच्या पुढं निघून गेलाय हे मूलच सांगतं.

ही रीत आम्ही शोधलेली नाही. खडेबाजारात अडतीस रुपयांचं सामान घेऊन पन्नासची नोट द्या. दुकानदार दोनाचं नाणं ठेवत "चाळीस" म्हणतो, दहाची नोट ठेवत "पन्नास" म्हणतो. कागदावर हातचा घेत बसत नाही. मुलाला दुकानात पाठवता ना? मग उरलेले पैसे त्याला असे मोजून घ्यायला लावा.

उभ्या मांडणीची वजाबाकी शाळेत येणारच आणि यायलाच हवी. तिच्यासाठी काड्या आहेत. दहा-दहा काड्यांना रबर लावून मोळ्या करा, आणि पाच मोळ्या आणि दोन सुट्या काड्या मांडा. आठ काढायच्या आहेत, सुट्या दोनच आहेत. रबर सोडून एक मोळी मोकळी केली की बारा होतात. 'हातचा घेतला' म्हणजे ही मोळी सोडली. मुलानं स्वतःच्या हातानं रबर काढल्याशिवाय वहीत पाचाचा चार करायला लावू नका.

पाढ्यांविषयी थोडंसं

पाढे पाठ करू नका असं आम्ही म्हणत नाही. बे एके बे, बे दुणे चार ही लय कानात बसलेली चांगली, आणि कन्नडची मग्गी, म्हणजे तिकडचे पाढे, तीही चांगली. अडतं ते मधूनच विचारल्यावर. सात आठे किती म्हटलं की मूल सात एके सातपासून सुरू करतं. अशा वेळी सात पंचे पस्तीस आणि सात त्रिक एकवीस हे दोन तुकडे येतात का बघा. पस्तीस आणि एकवीस छप्पन्न. ज्याला असे तुकडे जमतात, त्याला विसरलेला पाढा परत उभा करता येतो. आजोबांच्या पिढीनं पावकी, निमकी, दिडकी पाठ केली होती. ती आता लागत नाही, पण पाव, अर्धा आणि दीड ही मापं मुलाच्या कानावर रोज पडतात. पाव किलोचा भाव विचारा, अर्ध्याचं अर्धं त्याला करू द्या.

"आम्हालाच गणित येत नाही हो"

हे वाक्य मुलासमोर बोलू नका, आणि ते खरंही नाही. निपाणीकडं घरी विड्या वळणाऱ्या बायकांना मजुरी हजार विड्यांवर मिळते. पंचवीसच्या जुड्या केल्या तर चाळीस जुड्यांचे हजार होतात. दहा जुड्या झाल्या की पाव हजार उरकले, हे त्यांना सांगावं लागत नाही. वडगाव-शहापूरच्या विणकरांच्या घरी सुताचा हिशेब चालतो, शेतकऱ्याच्या घरी रताळ्याच्या पोत्यांचा. तो हिशेब मुलाला ऐकू येईल असा मोठ्यानं करा. त्याला मध्येच विचारा, "अजून किती लागतील?" चुकलं तर चुकू दे, पुन्हा मोजता येतं.

शाळांसाठी

सरकारी प्राथमिक शाळेत चौथी-पाचवीसाठी गणित कलिका आंदोलनाची (हातात वस्तू घेऊन गणित शिकवायच्या कार्यक्रमाची) पेटी आलेली असेल, तर आमच्याकडं यायच्या आधी ती उघडा. त्यात दशकाचे ठोकळे आहेत, खेळण्यातल्या नोटा आहेत. मग उरेल तेवढंच मागवा. माळ चार मुलांत एक पुरते. प्रत्येकाला वेगळी दिली तर मुलं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि निम्मा उपयोग त्या बोलण्याचाच आहे.

केंद्र सरकारच्या, २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत मोहिमेनं पहिलीला ९९पर्यंत, दुसरीला ९९९पर्यंत आणि तिसरीला ९९९९पर्यंत वाचन-लेखन असं लक्ष्य ठेवलं आहे. माळ शंभरावर थांबते. त्यापुढं काड्यांच्या दहा मोळ्यांचा एक मोठा भारा बांधा. 'दोनशे पाच' ऐकून २००५ लिहिणाऱ्या मुलासमोर दोन भारे आणि पाच सुट्या काड्या ठेवा, आणि मोळ्यांची जागा रिकामी सोडा. शून्य त्या रिकाम्या जागेचं आहे.

नेहमी विचारलं जाणारं

अबॅकसच्या क्लाससारखं आहे का? नाही. तिथं भर वेगानं हिशेब करण्यावर असतो. ही माळ संख्या किती मोठी आहे आणि कुठं बसते ते बघण्यासाठी आहे. दोन्ही चालेल, पण आधी ही.

माळेऐवजी घरचं काही चालेल का? चालेल. चिंचोके घ्या, निम्मे चुन्यानं रंगवा, दहा-दहाचे गट करा. सरकवताना घरंगळतात एवढंच.

मोबाइलवर असं ॲप नाही का? असेल. मण्यावर बोट ठेवून मागं-पुढं करणं आम्हाला बरं वाटतं.

निगा

तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात सुटे मणी देऊ नका, गिळतात. माळ दोन खिळ्यांत मुलाच्या छातीच्या उंचीवर ताणून बांधा, मणी सरकायला वीतभर दोरी मोकळी ठेवा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसात लाकूड फुगतं आणि मणी दोरीवर अडकतात. कोरड्या फडक्यानं पुसा, चुलीजवळ किंवा उन्हात वाळवू नका, तडे जातात. दोरी तुटली तर मणी गोळा करून दुकानात आणा, फुकट ओवून देतो. दहा-पाच मणी हरवले असतील तर तेही घालून मिळतील, फक्त कोणत्या रंगाचे किती कमी आहेत ते मुलालाच मोजून यायला सांगा.