वायूंचे रामन वर्णपट आणि रेणूंच्या टकरी

रेणू एकमेकांवर आदळत राहिल्याने वायूच्या रामन वर्णपटातील (रेणूंवरून विखुरताना रंग बदललेल्या प्रकाशाच्या पटातील) रेषांची रुंदी, जागा आणि आकार बदलतो. पाठ्यपुस्तकांत या रेषा उभ्या काड्यांसारख्या काढतात आणि त्यामुळे विषयाचा सर्वांत रंजक भाग झाकला जातो. साध्या हवेत नायट्रोजनचा रेणू सेकंदाला सुमारे ७०० कोटी वेळा आदळतो. दोन टकरींमध्ये तो जेमतेम ७० नॅनोमीटर सरकतो.

रामन परिणामाचा शोध कलकत्त्यात १९२८ मध्ये लागला आणि पुढच्याच वर्षी फ्रांको राझेट्टी यांनी नायट्रोजन, ऑक्सिजन यांसारख्या वायूंचे वर्णपट घेतले. टकरींचा बारीक हिशेब मात्र बराच नंतर, लेसर हाती आल्यावर शक्य झाला.

नायट्रोजनची कंपन-रेषा २३३० प्रति सेंमी.च्या (वर्णपटात कंपनसंख्या या एककात मोजतात) आसपास दिसते. खरे तर ती एक रेषा नसून रेषांचा झुबका आहे. त्याला क्यू शाखा म्हणतात. रेणू जितका वेगाने फिरतो, तितकी त्याची कंपनसंख्या किंचित घटते. परिवलन पुंजांक (फिरण्याची पायरी सांगणारा आकडा) ६ असलेला रेणू सुमारे २३२९.२ वर दिसतो, तर ८ असलेला २३२८.७ वर. दाब वाढू लागला की टकरींमुळे प्रत्येक रेषा रुंदावते. एका वातावरण दाबाला ही वाढ साधारण ०.१ प्रति सेंमी. असते. काही वातावरणांपर्यंत दाब नेला की शेजारच्या रेषा एकमेकींत मिसळतात.

इथून पुढे मात्र अपेक्षेच्या उलट घडते. दाब आणखी वाढवला, की हा झुबका पसरण्याऐवजी आक्रसू लागतो. टक्कर रेणूचे फिरणे बदलते, पण त्याच्या कंपनाची लय जवळजवळ अबाधित ठेवते. त्यामुळे ६ वरून ८ वर, तिथून १० वर किंवा पुन्हा ६ वर भराभर उड्या मारणारा रेणू कोणत्याच एका कंपनसंख्येवर टिकत नाही आणि वर्णपटात त्यांची सरासरी उमटते. याला टक्करजन्य आकुंचन म्हणतात. शुद्ध परिवलनाच्या रेषांना ही सवलत नाही. तिथे संकेत फिरण्यातूनच येतो आणि नेमके तेच टकरीत मोडते, म्हणून त्या रुंदावतच जातात.

हायड्रोजनची तऱ्हा वेगळी आहे. त्याच्या क्यू रेषा एकमेकींपासून काही प्रति सेंमी. दूर असतात आणि टकरींनी त्याचे फिरणे क्वचितच बदलते. या हलक्या, वेगवान रेणूची डॉप्लर रुंदी (रेणूंच्या धावण्यामुळे रेषेला येणारी रुंदी) मोठी असते, पण टकरींमुळे तो सरळ धावू शकत नाही आणि म्हणून ती रुंदी प्रथम घटते. रॉबर्ट डिकी यांनी या आकुंचनाचे स्पष्टीकरण १९५३ मध्ये मांडले. दाब पुढे वाढवल्यावर रेषा पुन्हा रुंदावते.

इंजिनाच्या सिलिंडरमधील जळत्या वायूचे तापमान नायट्रोजनच्या क्यू शाखेवरून काढतात. तिथे दाब जास्त असल्याने रेषांची ही मिसळण हिशेबात न धरल्यास तापमान चुकते.

आर्गॉनच्या सुट्या अणूला कंपन नाही, परिवलनही नाही. तरीही दाट आर्गॉनमधून लेसर रेषेच्या दोन्ही बाजूंना झपाट्याने मावळत जाणारा मंद उजेड मिळतो. मॅकटॅग आणि बर्नबॉम यांनी तो १९६८ मध्ये नोंदवला. टकरीच्या क्षणापुरते दोन अणू मिळून जणू एक रेणू होतात आणि प्रकाश त्यांच्यावरून विखुरतो. वायू विरळ असेपर्यंत या उजेडाची तीव्रता घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.