जहाल विष आणि चिवट विष

कीटकनाशकाने पक्षी मेले म्हटलं की फवारलेल्या शेतात विखुरलेली कलेवरं डोळ्यांपुढे येतात. त्यावरून हिशेब मांडला जातो तो असा: औषध जितकं जहाल, तितका पक्ष्यांना धोका जास्त. हा हिशेब अर्धाच बरोबर आहे. विष किती जहाल आहे आणि ते किती चिवट आहे, म्हणजे किती काळ टिकून राहतं, हे दोन निराळे प्रश्न आहेत. कित्येकदा त्यांची उत्तरं एकमेकांच्या अगदी उलट असतात.

मोनोक्रोटोफॉस आणि डीडीटी ही दोन औषधं घ्या. मॅलार्ड जातीच्या रानबदकांवरच्या चाचण्यांत वजनाच्या दर किलोमागे साधारण 5 मिलिग्रॅम मोनोक्रोटोफॉस पोटात गेलं की निम्मी बदकं मरतात. डीडीटीची मात्रा 2,000 मिलिग्रॅमच्या पुढे नेली तरी ती पातळी गाठली गेली नाही. एवढंच पाहिलं तर डीडीटी पक्ष्यांना जवळपास निरुपद्रवी ठरतं!

मोनोक्रोटोफॉसचं काम झटपट असतं. मज्जातंतूंचा संदेश पोहोचल्यावर तो थांबवणारं एक विकर शरीरात असतं, तेच हे औषध बंद पाडतं. स्नायू आखडतात, श्वास थांबतो. 1995-96 च्या हंगामात अर्जेंटिनात हे मोठ्या प्रमाणावर दिसलं. स्वेनसन्स हॉक हे शिकारी पक्षी उत्तर अमेरिकेतून तिथे स्थलांतर करतात आणि शेतातल्या नाकतोड्यांवर जगतात. नाकतोड्यांसाठी फवारलेल्या औषधाने हजारो पक्षी मेले. एकूण बळींचा अंदाज 20,000 च्या घरातला आहे. पण हे औषध निसर्गात तुलनेने लवकर विघटित होतं. त्या भागात त्याचा वापर थांबवल्यावर असे सामूहिक मृत्यूही थांबले.

डीडीटीचं तसं नाही. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत मात्र सहज विरघळतं, आणि शरीराला ते बाहेर टाकणं जमत नाही. त्यामुळे लहान जीवांकडून माशांकडे आणि माशांकडून पक्ष्यांकडे जाताना त्याचं प्रमाण वाढत जातं. कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेक या तलावात चिलटांसाठी डीडीटीचं भावंड असलेलं डीडीडी टाकलं होतं. पाण्यात त्याचं प्रमाण दहा लाख भागांत 0.02 इतकंच ठेवलं होतं. तिथे मेलेल्या ग्रीब पक्ष्यांच्या, म्हणजे आपल्या टिबुकलीच्या भाऊबंदांच्या, चरबीत ते 1,600 भागांपर्यंत सापडलं. सुमारे 80,000 पट.

ग्रीब निदान मेले, म्हणून कोणाच्या तरी लक्षात आले. बहिरी ससाण्यांच्या बाबतीत कलेवरांचा असा खच पडला नाही. पक्षी दिसायला धडधाकट होते, घरटीही करत होते. अंडी मात्र उबवतानाच फुटत होती. डीडीटीपासून शरीरात तयार होणारं डीडीई कवचासाठी लागणाऱ्या कॅल्शियमचा पुरवठा रोखतं. ब्रिटनमधल्या डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्राहकांकडची जुनी अंडी तपासली आणि 1967 साली दाखवून दिलं की 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, म्हणजे डीडीटी वापरात आल्यावर, कवचं एकाएकी पातळ झाली होती. 1970 मध्ये कॅलिफोर्नियाच्या अनाकापा बेटावर तपकिरी पेलिकनची 550 च्या वर घरटी होती आणि त्यांतून जगलं एकच पिल्लू. (तिथलं डीडीटी फवारणीचं नव्हतं, ते कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात आलं होतं. चिवट विषाला कोणताही रस्ता चालतो.)

अमेरिकेने 1972 मध्ये डीडीटीचा शेतीतला वापर जवळपास पूर्ण बंद केला. टकला गरुड धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर यायला 2007 उजाडलं.

म्हणूनच एखादं औषध ‘सौम्य’ आहे असं सांगितलं गेलं, तर ते कशाच्या मोजमापात सौम्य, हे विचारावं. मेलेले पक्षी मोजून चिवट विषाचा माग लागत नाही. त्यासाठी अंडी, पिल्लं आणि चरबीतले अंश वर्षानुवर्षं तपासावे लागतात.

ब्रोडिफॅकमसारख्या उंदीरनाशकांत तर दोन्ही दुर्गुण एकत्र आहेत. विष खाल्लेला उंदीर काही दिवस हिंडत राहतो आणि घुबडाच्या तावडीत सापडतो. मग ते विष घुबडाच्या यकृतात कित्येक महिने राहतं. याउलट इमिडाक्लोप्रिड हे निओनिकोटिनॉइड गटातलं औषध पक्ष्याच्या शरीरातून लवकर निघून जातं. तरीही 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्याची थोडी मात्रा दिलेल्या स्थलांतरी चिमण्यांचं खाणं कमी झालं, वजन घटलं आणि पुढच्या प्रवासाला निघायला त्यांना सुमारे साडेतीन दिवस उशीर झाला.