शिडे उतरवायला आरमारांना अर्धे शतक का लागले?

१८२७ साली ग्रीसजवळ नावारिनोच्या उपसागरात ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया यांनी तुर्की-इजिप्शियन आरमाराचा धुव्वा उडवला. निव्वळ शिडाच्या जहाजांनी लढलेली ही शेवटची मोठी लढाई. ब्रिटिश सेनापती कॉड्रिंग्टनचे ८४ तोफांचे ‘एशिया’ हे जहाज मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेले होते. वाफेची युद्धनौका मात्र तेव्हाही नवलाईची राहिली नव्हती. अमेरिकन संशोधक फुल्टनची वाफेची युद्धनौका न्यूयॉर्कला १८१४ मध्येच पाण्यात उतरली होती आणि पहिल्या ब्रह्मी युद्धात ‘डायना’ या आगबोटीने इरावतीवर चांगली कामगिरी बजावली होती.

मग शिडे लगेच का गेली नाहीत? जुन्या अ‍ॅडमिरलांच्या हट्टाकडे बोट दाखवले जाते. मला ते अन्यायाचे वाटते. खरा अडसर कोळशाचा होता.

तो किती मोठा होता, हे ‘ह्यू लिंडसे’ने दाखवले. मुंबईतच बांधलेली ही कंपनी सरकारची आगबोट मार्च १८३० मध्ये सुएझला निघाली. तिच्या कोठारात जेमतेम साडेपाच दिवसांचा कोळसा मावे आणि एडन तर अकरा दिवसांवर! मग केबिनमध्ये, डेकवर, जिथे जागा दिसेल तिथे कोळसा रचला. बोट भाराने खोल दबली. एडनला पोचली तेव्हा काही तासांपुरताच कोळसा शिल्लक होता. पुढच्या बंदरांवरचे साठेही शिडाच्या जहाजांनी आधी नेऊन ठेवावे लागले होते. १८३९ मध्ये मुंबईहून गेलेल्या फौजेने एडन घेतले, त्यामागे कोळशाच्या ठाण्याची ही गरज मोठी होती.

दुसरी अडचण बाजूच्या चाकांची. ती तोफांची जागा खात आणि एक गोळा लागला की बोट लंगडी. पाण्याखाली फिरून बोट ढकलणाऱ्या पंख्याने (प्रोपेलरने) हा प्रश्न सोडवला. १८४५ मध्ये पंख्याच्या ‘रॅटलर’ने चाकांच्या ‘अलेक्टो’ला दोरखंडाने उलटे खेचत नेले. त्यानंतर जुन्या जहाजांतही इंजिने बसू लागली. मुंबईत बांधलेल्या आणि पहिले अफू युद्ध संपवणारा ब्रिटन-चीनमधला नानकिंगचा तह ज्यावर झाला त्या ‘कॉर्नवॉलिस’मध्येही १८५५ साली इंजिन बसले.

तरी डोलकाठ्या राहिल्याच. १८६० च्या लोखंडी ‘वॉरियर’वर शिडे उभारताना धुराडी खाली घेत आणि शेकडो खलाशी दोर ओढून पंखा पाण्याबाहेर काढत. हा मेळ पुढे जिवावर बेतला. १८७० मध्ये ‘कॅप्टन’ ही फिरत्या बुरुजांची, उंच डोलकाठ्यांची नौका स्पेनजवळच्या वादळात उलटली आणि सुमारे ४८० जण बुडाले.

पुढच्याच वर्षी पाण्यात उतरलेल्या ‘डेव्हास्टेशन’ला शिडे ठेवलीच नव्हती. एव्हाना तीच वाफ दोनदा वापरणारी इंजिने आली होती, कोळसा कमी लागत होता आणि समुद्रमार्गांवर कोळशाची ठाणी उभी राहिली होती.