वॉक सायकल : ॲनिमेशनमधली चाल

वॉक सायकल म्हणजे पात्राच्या दोन पावलांची, एक डावं आणि एक उजवं, अशी चित्रमालिका की शेवटचं चित्र झालं की परत पहिल्यावर जाता येतं आणि पात्र हवं तेवढा वेळ चालत राहतं. ॲनिमेशन शिकायला लागलेल्या पोरापोरींना उसळत्या चेंडूनंतर बहुतेक ठिकाणी हाच मोठा धडा मिळतो, कोल्हापुरातही तसंच, मग कोणी क्लासला जात असो की घरी बसून कॉम्प्युटरवर ब्लेंडरमध्ये किंवा मोबाईलवर फ्लिपाक्लिपमध्ये करत असो. चेंडूत वजन आणि वेग एवढंच सांभाळायचं असतं. चालीत टाच, चवडा, गुडघा, कंबर, खांदे, हात, मान सगळं एकदम हलतं आणि प्रत्येकाची वेळ थोडी वेगळी असते, शिवाय चाल सगळ्यांनी जन्मभर बघितलेली असते, त्यामुळे काहीतरी चुकलंय हे घरातल्या आजीलाही कळतं, पण नेमकं काय ते पटकन सांगता येत नाही.

पहिली वॉक सायकल कुणी केली यावर एकमत नाही. एक मत असं की हे श्रेय फिरत्या चकत्यांना द्यावं. १८३२-३३ च्या सुमारास बेल्जियमचे जोसेफ प्लातो आणि व्हिएन्नाचे सायमन स्टॅम्पफर या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे गोल चकतीवर क्रमाने चित्रं काढून ती फटीतून आरशात बघायची युक्ती काढली, आणि चकती गोलच असल्यामुळे शेवटचं चित्र पहिल्याला आपोआप जोडलं जायचं, म्हणजे सायकल ही त्या यंत्राची गरजच होती. दुसरं मत अमेरिकेचे व्यंगचित्रकार विन्सर मॅके यांच्या बाजूचं आहे, त्यांच्या १९१४ च्या डायनोसॉरच्या फिल्ममध्ये तीच चित्रं परत परत वापरलेली दिसतात. पण त्या फिल्ममध्ये प्रत्येक चित्रासोबत मागचं दृश्यही दर वेळी नव्याने काढावं लागत होतं. पात्र पारदर्शक शीटवर आणि बॅकग्राउंड वेगळी, ही पद्धत अमेरिकेचेच ॲनिमेटर अर्ल हर्ड यांच्या पेटंटमधून आली, ज्याचा अर्ज १९१४ चाच आहे, आणि त्यानंतरच चालणाऱ्या पात्राची मोजकी चित्रं ठेवून मागची बॅकग्राउंड सरकवत न्यायचं काम खऱ्या अर्थाने स्वस्त झालं. तिसरे लोक हालचालींचे फोटो काढणारे म्युब्रिज आणि मारे यांची नावं घेतात. मारे यांची सेकंदाला १२ फोटो घेणारी बंदूक १८८२ ची आणि म्युब्रिज यांचा माणसं-जनावरांच्या हालचालींच्या ७८१ प्लेट्सचा संग्रह १८८७ चा, पण हे दोघे चाल मोजत होते, घडवत नव्हते, म्हणून त्यांना रेफरन्सचे, म्हणजे बघून काढायच्या खऱ्या नमुन्यांचे, जनक म्हणणं जास्त योग्य वाटतं. एकंदरीत कल्पना चकत्यांची आणि कामाची रीत पारदर्शक शीटची, असं धरलं तर सगळं बरंचसं जुळतं.

भारतात दादासाहेब फाळके यांची आगकाड्यांची फिल्म साधारण १९१५ ची धरतात, पण तिथं वस्तू हलतात, चाल नाही. पात्राच्या चालीचं शिस्तशीर शिक्षण मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ पासून, डिस्नेतून आलेले क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली सुरू झालं असं म्हणता येतं, ॲनिमेटर राम मोहन त्याच काळातले. कोल्हापूरची परंपरा मुख्यतः जिवंत माणसांच्या सिनेमाची, बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी १९१७-१८ च्या सुमाराची आणि प्रभात १९२९ ची, जी १९३३ ला पुण्याला गेली.

आता चालीच्या चार मुख्य पोझ. कॉन्टॅक्ट (पुढची टाच टेकते), डाउन (भार येऊन शरीर खाली जातं), पासिंग (उचललेला पाय टेकलेल्या पायाशेजारून जातो), अप (चवड्याने रेटून शरीर वर जातं), ही नावं ॲनिमेटर रिचर्ड विल्यम्स यांच्या २००१ च्या पुस्तकामुळे सगळीकडे पसरली, त्याआधी ॲनिमेटर प्रेस्टन ब्लेअर यांच्या तक्त्यांत डाउनला रिकॉइल आणि अपला हाय पॉइंट म्हणायचे. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे चित्रं, धरली तर १ ला कॉन्टॅक्ट, ४ ला डाउन, ७ ला पासिंग, १० ला अप, १३ ला दुसऱ्या पायाचा कॉन्टॅक्ट, आणि २५ वी फ्रेम म्हणजे परत पहिलीच. म्हणजे १२ फ्रेमला एक पाऊल, मिनिटाला १२० पावलं, माणसाच्या सरळ चालीच्या जवळचाच आकडा. फाइल चुकून ३० फ्रेमवर लावलेली असेल तर तीच चाल मिनिटाला १५० पावलांची होते आणि पात्र घाईला आल्यासारखं दिसतं.

या तक्त्यात आणि चालीच्या शास्त्रात एक फरक आहे, त्यावर शिकणारे लई अडतात, म्हणून जरा खोलात. शरीराचा गुरुत्वमध्य दोन्ही पाय जमिनीवर असताना सगळ्यात खाली असतो, आणि एका पायावर भार येऊन दुसरा पाय शेजारून जात असतो तेव्हा सगळ्यात वर, एकूण फरक साधारण ४-५ सेंटिमीटर. म्हणजे शास्त्राप्रमाणे उंच जागा पासिंगच्या आसपास हवी, पण ॲनिमेशनचा तक्ता तिला ३ फ्रेम पुढं अपवर ढकलतो. कारण असं की टाच उचलून चवड्याने मागे दिलेला रेटा डोळ्याला दिसावा लागतो, पासिंगवरच सगळं वर नेऊन ठेवलं तर पुढच्या कॉन्टॅक्टपर्यंत नुसतं खाली येणं उरतं आणि रेटा हरवतो. खरी माणसं ट्रेस करून केलेली चाल कधीकधी मऊ, बिनवजनी वाटते त्यात याचाही हात आहे. नवशिक्याने आधी तक्ताच पाळावा, शास्त्राच्या जवळ जाणं नंतर.

वजन मात्र डाउनवरच ठरतं, आणि नेमकी हीच पोझ सगळ्यात कमी लक्ष देऊन काढली जाते. कॉन्टॅक्टला पाय ताणलेले असतात, छान दिसतात, इलेमेंटरी-इंटरमिजिएट चांगल्या ग्रेडने झालेल्या पोरांचा कॉन्टॅक्ट तर बघत राहावा असा असतो, पण डाउनला पुढचा गुडघा वाकून पाऊल पूर्ण टेकलं पाहिजे आणि कंबर खाली गेली पाहिजे, ते घाबरत घाबरत करतात. जाड पात्राला डाउन खोल द्यायचा आणि तिथून वर यायला जास्त फ्रेम, हलक्या पात्राला उलटं. हात पायाच्या उलट दिशेला, आणि विल्यम्स यांच्या मते त्यांचा फैलाव कॉन्टॅक्टपेक्षा डाउनवर जास्त, मनगट त्याच्याही मागून. पासिंगला उचललेल्या पायाकडचा खुबा थोडा उतरतो, हे समोरून बघितल्याशिवाय कळत नाही.

पाय घसरणं ही दुसरी नेहमीची चूक. पात्र जागच्या जागी चालवताना टेकलेलं पाऊल मागे एकसारख्या वेगाने सरकलं पाहिजे. पाऊल ९६ पिक्सेलचं असेल आणि १२ फ्रेमचं, तर दर फ्रेमला ८ पिक्सेल, बॅकग्राउंडही तेवढीच. ब्लेंडरमध्ये की-फ्रेम, म्हणजे आपण ठरवून दिलेल्या पोझ, आपोआप बेझियर वळणाने जोडल्या जातात, त्यामुळे पाऊल सुरुवातीला आणि शेवटी हळू होतं आणि पात्र बर्फावर असल्यासारखं घसरतं, म्हणून टेकलेल्या काळापुरतं ग्राफ एडिटरमध्ये लिनियर, म्हणजे एकसारख्या वेगाचं, करावं. आणि २५ वी फ्रेम लूपमध्ये ठेवू नये, ती आणि पहिली एकच असल्यामुळे दर फेरीला बारीक अडखळल्यासारखं होतं.

रेफरन्ससाठी परदेशी व्हिडिओ बघतातच सगळे, पण कोल्हापुरात बसून फक्त तेवढंच बघणं म्हणजे मोठं नुकसान. रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणारी माणसं बाजूने, एका रेषेत, बराच वेळ चालताना दिसतात, मोबाईल स्थिर धरून पूर्ण शरीर फ्रेममध्ये घेतलं तर पोझ मोजता येतात, अर्थात ओळखीच्याच माणसाचं आणि विचारून शूट करावं. गंगावेस किंवा मोतीबाग तालमीतल्या पैलवानाची चाल बघा, मांड्या भरलेल्या असल्यामुळे पाय सरळ पुढं न येता बाहेरून वळसा घालून येतो, दंड बगलेपासून लांब राहतात, खांदे जास्त फिरतात आणि डोकं त्या मानाने कमी हलतं. नऊवारीत पाऊल मोकळं पडतं, सहावारीत पावलाची लांबी कमी होऊन पावलं पटपट पडतात.

कोल्हापुरी चप्पल घातलेलं पात्र ही तर वेगळीच गोष्ट आहे. मागे पट्टा नाही, अंगठा आणि वरचा पट्टा एवढ्यावरच चप्पल धरलेली, आणि नवी असेल तर तळ फारसा वाकत नाही, त्यामुळे चवड्यावर येताना टाच चपलेतून सुटते आणि चपलेची मागची कड एक-दोन फ्रेम उशिरा उचलली जाते. रिगमध्ये, म्हणजे पात्र हलवायच्या डिजिटल सांगाड्यात, चप्पल थेट पावलाच्या हाडाला चिकटवली तर हे सगळं जातं, बूट घातल्यासारखं दिसतं. चपलेला अंगठ्यापाशी स्वतंत्र पिव्हट, म्हणजे फिरण्याचा बिंदू, द्यावा, १० व्या फ्रेमला टाच आणि तळ यात फट ठेवावी, तो पाय पुढच्या पासिंगला आला की परत मिटवावी. करकर आवाज टाकायचा असेल तर तो कॉन्टॅक्टवर टाकू नये, भार येऊन चामडं दाबलं जातं तेव्हा, म्हणजे ३ ते ५ या फ्रेममध्ये बसवावा.